हंबीररावाच्या एसीचं वजन

१० एप्रिल १९८३, रविवार
सकाळी नळ उशिरा आला. फियाट धुतली. दुपारी मेव्हणा हंबीरराव कबनूरहून आला. अॅम्बॅसिडर बरोबर माझ्या दारात, काचा बंद, इंजिन चालू. मंगळवार पेठेत एसीची गाडी दुसरी नाही, त्यामुळे अर्धी गल्ली काचेला नाक लावून उभी. मला त्याचं काही वाटलं नाही.
हंबीरराव म्हणाला, दाजी, सात मेला ताईचं वर्षश्राद्ध. वर्षभर तुमी कुठं गेला न्हाईसा. दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन पन्हाळ्याला जाऊ, झुणका-भाकरी खाऊ. ताईला लई आवडायचं. माझ्याच गाडीतनं जाऊ सगळी, गार गार.
मी म्हणालो, मला गाडी आहे.
तो म्हणाला, ती गाडी न्हवं दाजी, भट्टी हाय.
ताई म्हणजे माझी बायको कालिंदी, अक्का म्हणजे सासूबाई. आजवर लग्नाला, देवाला, दवाखान्याला त्या माझ्याच फियाटमधून गेल्या. तेव्हा त्यांच्या मुलाकडे सायकल होती. पन्हाळ्यालाही अक्का माझ्याच गाडीत बसतील. ठरलं.

१२ एप्रिल, मंगळवार
मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. वजनाचं मला कुणी शिकवू नये. एसी म्हणजे कॉम्प्रेसर, पुढची जाळी, पंखा, नळ्या, लोखंडी पट्ट्या. धरून चाला, एक मध्यम माणूस कायमचा बॉनेटमध्ये बसवल्यासारखं. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. म्हणजे हा माणूस नुसता बसत नाही, इंजिनाच्या घोड्यांचा चाराही खातो. शिवाय त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला वारा कमी.
निष्कर्ष: पन्हाळ्याच्या चढाला हंबीररावाची गाडी उकळणार. अक्का रस्त्यात उतरणार. मी मागून येणार. दार उघडून देणार. काही बोलणार नाही.
हे शास्त्र आहे. यात मत्सर नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसात बाळासोला हे समजावलं. तो खात्यातला जुना शिपाई. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, ते बटण बंद केलं तर?
एसी बसवून घेणारा माणूस एसी बंद करत नसतो, हे त्याला कळत नाही. स्वभावाचा अभ्यास नाही.

१९ एप्रिल, मंगळवार
उकाडा फार. पेपर वाचवेना.
गेल्या वर्षी मार्चमध्ये कालिंदीला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा हंबीरराव म्हणाला होता, फियाटमध्ये तिला ऊन सोसायचं न्हाय. तिला अॅम्बॅसिडरमध्ये पुढे बसवलं. सामान घेऊन मी मागून फियाटमध्ये. सबंध रस्ता तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. जयसिंगपूरला चहाला थांबलो. ती काच खाली करून म्हणाली, आत अगदी गार आहे हो, तुम्ही पण या ना.
मी म्हणालो, मग ही गाडी कोण आणणार?
प्रश्न बरोबरच होता. गाडी आणायला कुणीतरी हवंच होतं.

२४ एप्रिल, रविवार
हंबीररावाच्या गाडीचं वजन वाढलेलं आहे. माझं कमी केलं की फरक दुप्पट. फियाट हलकी करायला घेतली. काढलं ते असं: डिकीतली जुनी सतरंजी, पाण्याचा डबा, हत्यारांची पिशवी, जॅक. ऑफिसातला काटा घरी आणून प्रत्येक वस्तू तोलली. (काटा शासकीय आहे, पण रविवारी त्याला काम नसतं.)
पुढच्या डाव्या सीटवरची कालिंदीची उशी काढली नाही. उशीला वजन ते काय.

१ मे, रविवार
मागची सीट काढली. भलतीच जड निघाली. जागी फळी आणि गोधडी. अक्का गावच्या, गोधडीवर त्यांना बरंच वाटेल.
स्टेपनीही काढली. नुसतं ओझं. चौदा वर्षांत दोनदाच लागली.
स्वतःलाही काट्यावर घातलं. आकडा इथे लिहिण्यात अर्थ नाही. उद्यापासून भात बंद.

३ मे, मंगळवार
भात खाल्ला. भाकरी करणारं घरात कोण आहे?

७ मे, शनिवार
श्राद्ध झालं. भटजी लवकर आले, लवकर गेले. कावळा पहिल्याच वेळी शिवला. हंबीरराव म्हणाला, ताईची कसली इच्छा राहिली न्हवती, बघा. मी म्हणालो, हो.
अक्का आजची रात्र माझ्याकडे आहेत. त्यांना आतला पलंग दिला. उद्या चढ.

८ मे, रविवार
सकाळी अक्का फियाटजवळ आल्या. मागचं दार मी स्वतः उघडलं. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, जावयबापू, ह्ये काय? बसायचं का निजायचं?
मी म्हणालो, हवेशीर आहे.
त्या म्हणाल्या, माझं गुडघं तुमाला ठावं हाईत की. म्होरं बसू का?
पुढे उशी होती. मी म्हणालो, ते दार अडकतं.
अक्कांनी उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जाऊन अॅम्बॅसिडरमध्ये मागे बसल्या.
एका दृष्टीने फायदाच. माझं वजन आणखी कमी, त्याचं आणखी जास्त.
कोल्हापूर सोडल्यावर उसाच्या ट्रकमागे हंबीरराव अडकला. मी त्याला मागे टाकलं. फियाट पिसासारखी चालली होती. वाघबीळच्या अलीकडे आरशात बघितलं, तो ठिपक्याएवढा. तेवढ्यात मागचं चाक फुटलं.
ठिपका मोठा होऊन शेजारी थांबला. हंबीरराव म्हणाला, काढा स्टेपनी, लावू.
मी म्हणालो, दुरुस्तीला दिली आहे.
आतून अक्का म्हणाल्या, पलंगाखाली हाय की ती. सकाळी उठताना माझा अंगठा आपटला.
हंबीरराव बराच वेळ हसला नाही. ते जास्त वाईट. त्याची स्टेपनी फियाटला बसत नाही. त्याच्या जॅकने चाक काढलं, फियाट दगडांवर टेकवली. माझं चाक त्याच्या डिकीत गेलं, मी पुढच्या सीटवर. म्हणजे एसी, अक्का, तो, मी आणि चाक. आता उकळणारच, म्हणून मी तापमानाच्या काट्याकडे बघत बसलो.
चढ लागताच त्याने एक बटण दाबलं आणि काच खाली केली. म्हणाला, चढाला कोण एसी लावतंय दाजी? इंजिनला जड जातंय की.
गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वर गेली. काटा हलला नाही.
पन्हाळ्यावर पंक्चर काढून घेतलं. झुणका-भाकरी खाल्ली. दही गोड होतं. अक्कांनी एक भाकरी पानात तशीच ठेवली आणि ती कुणासाठी हे कुणी विचारलं नाही.
उतरताना ऊन भयंकर. हंबीररावाने बटण लावलं, काचा वर केल्या. पायांपाशी आधी गार लागलं, मग मानेला.
फियाटपाशी गाडी थांबली. मी दाराच्या कडीला हात लावला, पण उतरलो नाही. अक्का मागून म्हणाल्या, बसा की घटकाभर. गार हाय.
उभ्या गाडीत एसी चालू ठेवला की इंजिनावर फार ताण येतो. हे मला माहीत होतं. हंबीररावालाही माहीत असणार. कुणी गाडी बंद केली नाही. मी बसलो.

९ मे, सोमवार
रजा टाकली. अक्का कालही माझ्याकडेच राहिल्या, सकाळच्या एस.टी.ने कबनूरला गेल्या. काटा ऑफिसात पोचवला.
संध्याकाळी मागची सीट बसवली. स्टेपनी, जॅक, हत्यारं, सतरंजी डिकीत टाकली. पाण्याचा डबा भरून ठेवला. मग चारी काचा वर करून, उशी मांडीवर घेऊन पुढच्या डाव्या सीटवर बसून बघितलं. फार उकडलं. काच खाली केली.