रबर काढलेलं बेअरिंग

साईं,

तुम्ही सिंधी, तरी मराठी बोलायचात ते आमच्यापेक्षा ठसक्यात, पण वाचता येत नव्हतं तुम्हाला. आणि आता तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या तुमच्या सायकल दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली दिसतात. तरी लिहितोय. गेले काही दिवस डोकं नुसतं भणभणतंय आणि हे विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही. मला एवढंच सांगा, नीट बसवलेलं बेअरिंग हाताला जड लागू शकतं का?

तुम्ही तर बरोबर उलटं शिकवलंत. मला अजून दिसतं. सायकल दोरीला उलटी टांगली आहे, चेन उतरवून ठेवली आहे. दोन्ही पायडलांना जोडणारा एक्सल मी बसवला आहे, कपात ग्रीस भरून छर्रे लावले आहेत आणि काही ढिलं राहू नये म्हणून पान्याने चांगलं आवळलं आहे. तुम्ही येता, एका बोटाने पायडलला टिचकी मारता. ते जेमतेम एक फेरा घेऊन थांबतं. "पुट, ये साइकिल है के आटे की चक्की? घर ले जा, माँ को बोल ज्वारी पीस ले." समोर गिऱ्हाईक बसलं आहे, तुमच्या घरातून आलेला पापड खातंय, पाण्याचा गिलास मांडीवर. ते इतकं हसतं की पापडाचे तुकडे माझ्या ग्रीसच्या डब्यात पडतात. त्याचंही तुम्ही मलाच ऐकवलंत. मग कप केसभर सैल केलात. पुन्हा टिचकी. पायडल फिरत राहिलं आणि थांबता थांबता पाळण्यासारखं मागे झुललं. "झुला तो पास," तुम्ही म्हणालात. त्या झुल्यावर मी अंबरनाथला दुकान टाकलं, लग्न केलं, मुलं वाढवली. कुठलीही सायकल टिचकी मारल्याशिवाय दिली नाही.

आता ऐका. माझी धाकटी मुलगी आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगच्या मशीनवर लागली आहे. आम्ही पालेगावच्या बाजूला राहतो, तिथून ती सायकलने जाते. तिने स्वतःच्या पगारातून नवी सायकल आणली. तिच्यात कप नाहीत, छर्रे दिसत नाहीत. सगळं एका नळीत बंद, दोन्ही तोंडांना बेअरिंग आणि त्यावर काळं रबर. उघडायचं नाही, ग्रीस भरायचं नाही, बिघडलं की फेकून नवं टाकायचं. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? मी चेन उतरवली, टिचकी मारली. अर्धा फेरा, आणि ठप्प. झुला नावाला नाही. नवीकोरी सायकल आणि चक्की! मुलगी म्हणाली, "बाबा, मला जड नाही लागत." मी म्हटलं, तुझे पाय तरणे आहेत, तुला काय कळतंय.

ती घरी नसताना मी पायडलची क्रँक उतरवली, ब्लेडच्या टोकाने दोन्ही रबरं काढली, आतलं घट्ट ग्रीस रॉकेलने धुतलं आणि शिलाई मशीनचं तेल सोडलं. मग काय फिरलं, साईं! तुम्ही असतात तर पाठ थोपटली असती. दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बघ, फरक पडला ना?" ती म्हणाली, "आधीसारखीच तर आहे."

आनंदनगरचा रस्ता तुम्ही पाहिला नाहीत. सगळा खणून ठेवलाय, वर टँकर गळत जातात, वाळलं की धूळ, नाहीतर चिखल. काही आठवड्यांत पायडलमधून कटकट ऐकू यायला लागली. मी तेल सोडत राहिलो. एका सकाळी चढावर एक्सल जाम झाला. ती सायकल ढकलत कंपनीत पोचली, गेटवर सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. घरी येऊन तिने नळीच्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवून रबर कुठे गेलं ते विचारलं, मी सांगितलं. "बाबा, आमच्या मशीनचं सील कोणी असं काढलं ना, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. ते घासतं म्हणूनच बाहेरची घाण आत जात नाही. तुम्ही हात लावू नका आता. कंपनीच्या गेटजवळ एक जण बसतो, त्याच्याकडे टाकते."

साईं, माझ्या घरची सायकल दुसऱ्याच्या दुकानात! त्या रात्रीपासून जेवण गोड लागेना. मी उल्हासनगरला गेलो, स्पेअर पार्टवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, "चाचा, उंगली से क्या देखते हो? बैठ के चलाओ. रबर जितना पकड़ता है, पैर को पता भी नहीं चलता. छर्रे में मिट्टी गई, तो समझो गया." त्याचं खरं असेल. पण मग इतकी वर्षं मी काय तपासत होतो? सैल फिरतं ते चांगलं, हे तुम्ही इतकं ठासून का सांगितलंत? कधी एकदा तरी म्हणायचं होतंत की पुढे काही वेगळं येईल. राग तुमचा येतो आणि तुम्ही तर नाहीत.

नवी नळी मी आणलीच. मुलीपुढे ठेवली आणि म्हटलं, एकदा बसवू दे. तिने हात पुढे केला. "ब्लेड इकडे द्या आधी," म्हणाली. मी दिलं. ती माझ्या डोक्यावर उभी राहिली आणि मी नळी जशी आली तशीच बसवली, रबरासकट. पायडल हाताला जडच लागलं. माझं तोंड बघून ती म्हणाली, "उघडणार नाही ना परत?"

मी म्हटलं, "नाही गं. आमचे साईं सांगायचे, सील असलं की थोडं जड फिरणारच, त्याला हात लावायचा नाही."

"ते असं सांगायचे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती मान डोलावून निघून गेली, सायकलचं काम माझ्याच दुकानात राहिलं. आता गिऱ्हाइकांनाही मी तुमच्या नावाने हेच सांगतो. मला ठाऊक नव्हतं, एवढं स्वतःच्या नावाने म्हणायला काही जमलं नाही.