हाय की, पण न्हाई

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी ६.४०. वड्यांसाठी उकडलेले बटाटे सोलत होतो. खिशातला फोन सारखा थरथरत होता, शेवटी हात पुसून पाहिला. 'पवनेकर परिवार' या चाहत्यांच्या ग्रुपवर मेसेजच मेसेज. बबन पवनेकर गेला. रात्री बाहेरगावी कार्यक्रम झाला, लॉजवर झोपला, सकाळी उठवायला गेले तर उठला नाही. हार्ट. खोटं असेल म्हणून आणखी दोन ठिकाणी पाहिलं. खरं आहे.

आबांना सांगितलं, बबन गेला.
"कोन बबन?"
"पवनानगरचा. इथल्या रिसॉर्टवर वेटर होता बघा. संध्याकाळी कामशेतच्या बससाठी आपल्याकडे थांबायचा."
आबांनी झारा कढईवर तसाच धरला. "त्यो व्हय? तीन तीनदा चटणी मागायचा." मग थोड्या वेळाने, "लय बडबडं पोरगं." घाणा करपायला लागला तेव्हा काढला.

तो पुढे स्टेजवर बोलायला लागला, नाव काढलं, एवढं आबांना माहीत आहे. काय बोलायचा ते माहीत नाही. त्याचं सगळ्यात गाजलेलं म्हणजे 'फाट्यावरचे आबा'. भजीवाला म्हातारा. गिऱ्हाईक विचारतं, भजी आहेत का? म्हातारा मान तिरकी करून म्हणतो, "हायती की." मग परातीत बघतो. मग गिऱ्हाईकाकडे बघतो. मग, "पण न्हाईत." पाणी आहे का? हाय की, पण न्हाई. बस येईल का? येनार की, पण न्हाई. लोक पोट धरून हसतात.

तो म्हातारा म्हणजे माझे वडील. मान, मफलर, मधलं थांबणं, सगळं. कार्ला फाट्याचं, म्हणजे आमच्या टपरीच्या जागेचं, नाव त्याने कधी घेतलं नाही, पण मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. आबांकडे बटणांचा फोन आहे. तेवढ्यावर इतके दिवस निभावलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
झोप नीट नाही. ग्रुपवर सगळे जुने व्हिडिओ टाकतात आणि खाली रडणारी तोंडं. मीही दोन पाहिले. हसू आलं, मग वाईट वाटलं की हसू आलं.

निखिल म्हणून ग्रुपचा ॲडमिन आहे, तळेगावला सोसायटीत राहतो, कंपनीत इंजिनिअर. (यापुढे नि.) त्याने श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर टाकला, म्हणाला कोणीतरी तपासा. मीच तपासतो नेहमी, मला ग्रुपवर 'गुरुजी' म्हणतात. दहावीला दोनदा बसून राहिलेला गुरुजी. 'भावपुर्ण' लिहिलं होतं, 'पू' दीर्घ करायला सांगितलं. 'श्रध्दांजली'चंही जोडाक्षर दुरुस्त करून पाठवलं. खाली मोठ्या अक्षरात:

बबनभाऊ, तू हाय की... पण न्हाई.

एकाने लिहिलं, हे 'आहेस' आणि 'नाहीस' करा, गेलेल्या माणसाच्या फोटोखाली गावठी बरं दिसत नाही. त्याला मी लांबलचक उत्तर लिहिलं की तो असंच बोलायचा, बदलू नका. पाठवलं. नंतर वाटलं, आपण हे कशाला केलं. बदलू दिलं असतं तर बरं झालं असतं. शुद्ध वाक्य आबांनी ओळखलं नसतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
फ्लेक्स नेमका आमच्या फाट्यावर, टपरीच्या समोर. दोन बांबूंना बांधला. मी बांधणाऱ्यांना म्हटलं, पुढे कमानीजवळ लावा, तिथे गर्दी असते. म्हणाले, हितंच सांगितलंय, हायवेवरून दिसतो म्हणून.

आबा दुपारच्या मंदीत बाकावर बसून वाचत होते. एक एक अक्षर लावून, ओठ हलवत. "बारीक झालतं रं पोरगं," फोटोकडे बघून. मग खालची ओळ. दोनदा वाचली.
"ह्ये कुनी लिवलं?"
"त्याच्या लोकांनी."
"आसं तर मी म्हनतो."
मी म्हटलं, आपल्याकडे सगळेच म्हणतात. आबा म्हणाले, "सगळी कुटं म्हनत्यात?" आणि चहाचं आधण ठेवलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
व्हायचं ते झालं. ग्रुपवर कोणीतरी बबनभाऊची वेटर असतानाची जुनी क्लिप टाकली. बसची वाट बघत मित्राला काहीतरी सांगतोय आणि मागे आमचा फळा, 'गरम भजी वडापाव चहा', आणि मफलर गुंडाळलेले आबा. लोकांनी फळा ओळखला. दुपारपर्यंत दोन गाड्या आल्या.

पहिल्या गाडीत पुण्याची चार-पाच मुलं. एका मुलीचे डोळे रडून लाल होते, म्हणजे नाटक नव्हतं. फोन समोर धरून तिने विचारलं, "आबा, भजी आहेत का?"
परात रिकामी होती. आबा म्हणाले, "हायती की," आणि परातीकडे पाहिलं. एवढ्यातच सगळे फुटले. एक जण तर खाली बसला हसून. ती मुलगी हसत हसत रडत होती.

आबा थांबले. मफलर चाचपला. मग शर्टाची बटणं पाहिली. मग तोंडावरून हात फिरवला, पीठबीठ लागलंय का म्हणून. मला विचारलं, "काय झालं रं?"
मी म्हटलं काही नाही, हसतात अशीच.

मुलं निघाली तेव्हा ती मुलगी वाकून आबांच्या पाया पडली. त्याने ते जास्तच गोंधळले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
रोज कोणी ना कोणी. भजी खातात, पैसे देतात, वाईट कोणीच वागत नाही. नि. स्वतः येऊन गेला. माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "गुरुजी, तू सांगितलं नाहीस कधी! लेजंड आहेत यार तुझे वडील." मी म्हटलं, त्यांना माहीत नाही, सांगू नको. तो म्हणाला, अरे पण किती भारी वाटेल त्यांना. त्याला खरंच कळत नव्हतं.

आज सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याने विचारलं, आबा, क्रीमरोल हाय का? रोजचा माणूस, त्याला यातलं काही ठाऊक नाही.
आबा म्हणाले, "नाही."
एवढंच. नीट, ह स्पष्ट. टेम्पोवालासुद्धा दचकला. म्हणाला, काय आबा, रागावलाय का?

मला दिवसभर ते ऐकू येत होतं. आबांच्या तोंडून गिऱ्हाईकाला सरळ नाही मी जन्मात ऐकलं नव्हतं. टपरी आजोबांची. त्यांचं सांगणं होतं की गिऱ्हाईक दारात आलं की पहिला शब्द 'न्हाई' निघू नये. आधी हाय म्हणायचं, मग खरं काय ते सांगायचं. संध्याकाळीसुद्धा आम्ही टपरी बंद करतो म्हणत नाही, वाढवतो म्हणतो. बबनभाऊला हे माहीत होतं. आबांनीच त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, मी तेव्हा कपबशा धूत होतो. स्टेजवर त्याने तेवढं घेतलं नाही. घेतलं असतं तर बहुतेक कोणी हसलं नसतं.

रविवार, २३ नोव्हेंबर
टपरी वाढवल्यावर आबा म्हणाले, "काय हाय त्या मोबाईलमदी? दाव."
मी म्हटलं चार्जिंग नाही.
"हाय तेवढ्यात दाव."

बाकावर बसून 'फाट्यावरचे आबा'चा व्हिडिओ सगळा दाखवला. आबांनी फोन लांब धरला होता, चष्मा नव्हता. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. हसले नाहीत. मान तिरकी करायचा भाग आला तेव्हा त्यांची मान थोडी हलली, आपोआप. संपलं. परत लावायला सांगितलं.
"आवाज बरुबर काढलाय," म्हणाले. "मफलर नवा घेतला वाटतं. माजा फाटका हाय."
मग, "लय मानसं हायती रं. लय हसत्यात."
मग फोन मला परत दिला. मला वाटलं विषय संपला. उठता उठता विचारलं, "तू हसला का?"
मी म्हटलं, हो.
"आसू दे," म्हणाले आणि बाक आत घेतला.

घरी जेवण झालं. आई विचारत होती, दोघांची तोंडं अशी का. आबांनी ताट उचललं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
नि.चा फोन. रविवारी लोणावळ्याला हॉलमध्ये आठवणींची सभा. शेवटी आबांना स्टेजवर आणायचं, कोणीतरी खालून विचारणार भजी आहेत का, आणि आबांनी ते वाक्य म्हणायचं. "बस, तिथेच संपवायचं. सगळे उभे राहतील बघ."
मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "प्रेम आहे रे लोकांचं." मी म्हटलं, प्रेम असेल, पण हसणार तर त्यांनाच ना. "त्यांना नाही, बबनभाऊच्या आठवणीला." मी म्हटलं, तिथे उभे आबा असतील. तो म्हणाला, एकदा त्यांना विचार तरी.

विचारलं नाही. आबांनीच विचारलं, कुणाचा फोन. फोनवर मी मोठ्याने बोललो होतो. सभा आहे म्हटलं, बोलावलंय, आपण जात नाही.
"का न्हाई? मयताचं बोलावनं हाय. त्याच्या घरी बी जानं झालं न्हाई."
"आबा, ते तुम्हाला स्टेजवर चढवणार. ते वाक्य म्हणायला लावणार. लोक हसतील."
"म्हायती हाय," म्हणाले. एवढंच.
या 'म्हायती हाय'चा अर्थ रात्रभर लावत होतो.

रविवार, ३० नोव्हेंबर
गेलो. आबांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला, टोपी घातली. फाटका मफलर घेतला, मी काढायला सांगितला, काढला नाही.

हॉल भरलेला, मागे लोक उभे. बऱ्याच जणांच्या अंगात काळे टी-शर्ट, छातीवर ती ओळ. एका काकूंनी सांगितलं, नवऱ्याच्या आजारपणात त्या दोघांनी रोज रात्री बबनभाऊला ऐकलं, हसून नवऱ्याला खोकला यायचा. मी तर त्याला चटणी वाढली आहे, आणि एकदाही सांगितलं नाही की तुझे सगळे कार्यक्रम ऐकतो.

मग नि.ने आबांचं नाव पुकारलं. टाळ्या, शिट्ट्या. आबा वर गेले, फोटोला हात जोडले, माईक उलटा धरला. नि.ने सरळ करून दिला. लगेच मागून आवाज, "आबा, भजी आहेत का?"
सगळा हॉल आधीच हसायला लागला. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं.

आबा थांबले. मान तिरकी झाली. त्यांनी माईककडे पाहिलं, मग त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं.
"हितं कुटली भजी? मयताला आलोय मी."

मग असं हसू फुटलं की छताचे पंखे हलले असतील. आबा तसेच उभे. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. की हलला नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो, तरी सांगता येत नाही.

हसू संपायची वाट पाहिली त्यांनी. बबनभाऊ पाहायचा तशी. मग म्हणाले, "ह्यो माज्या बाकावर बसायचा. बस लेट आसली की कंडक्टरची नक्कल करायचा, त्याच्या म्यानेजरची करायचा. मी लय हसायचो, एकदा तेलात झारा पडला. समद्यांची नक्कल दावली मला. माजी तेवढी दावली न्हाई." थांबले. "दावली आसती तर मी बी हसलो आसतो. त्याला वाटलं आसंल, म्हातारं रागावतंय."
पुन्हा हात जोडले आणि खाली उतरले. टाळ्या उशिरा सुरू झाल्या. बरेच जण उभे राहिले, नि. रडत होता.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, ते भज्यांचं तुम्ही मुद्दाम म्हणालात का? आबा म्हणाले, "काय म्हनलो?" आणि डोळे मिटले. आईला घरी सांगितलं, "चांगलं झालं समदं. मानसं लय व्हती."

बुधवार, ३ डिसेंबर
अंग दुखतंय. थंडी वाढली. गाड्या अजून येतात, कमी. फ्लेक्सची एक बाजू सुटली आहे, बांधायला कोणी आलं नाही.

कालपासून आबा नवीनच बोलायला लागलेत. कोणी काहीही मागो, म्हणतात, "थांबा, बगतो." परात भरलेली असली तरी आणि रिकामी असली तरी. हाय नाही आणि न्हाई नाही. टेम्पोवाला म्हणाला, आबा, भजी समोर तर दिसत्यात, बगायचं काय? तरी त्यांनी वाकून पाहिलं, आणि मग दिली.

संध्याकाळी नि. येऊन आबांसाठी काळा टी-शर्ट देऊन गेला, मोठ्या मापाचा. पैसे घेत नव्हता. मी म्हटलं, ठेवायचा ठरलं की देतो. तो म्हणाला, यात ठरवायचं काय? आबांनी घडी उघडून छातीवरची ओळ पाहिली, पुन्हा घडी केली आणि खुंटीवर मफलरशेजारी टांगला. घातला नाही. परत द्या असंही म्हणाले नाहीत.

आजचा खर्च: बेसन ४८०, कांदा ३००, जीप ४०.
देणे: गॅसवाल्याचे २००. टी-शर्टचे ३५०, ठेवला तर. परत केला तर काही नाही. आबांना अजून विचारलेलं नाही.