कोल्हारला गेलेली डिस्क

३ जून १९९६
संगमनेरला रुजू झालो! दूध संघाची सर्व्हरची खोली म्हणजे स्वर्ग. बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि मी एसीत स्वेटर घालून बसलोय. घरी, केडगावात, दादा म्हणाले होते, कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कुत्रं विचारणार नाही. आता बघा म्हणावं, कॉम्प्युटर ऑपरेटर. हर्षल सर पुण्याचे, मऊ बोलणारे. टँकरवाला कानिफनाथ पहिल्याच दिवशी म्हणाला, सायेब, लगीन झालंय का न्हाई? या गारठ्यात एकट्याचं काय खरं न्हाई.

ही नोकरी धरण्याचं खरं कारण फक्त या वहीत लिहितो. संघाच्या कोल्हारच्या शीतकरण केंद्रावर वृषाली दुधाच्या नोंदी करते. मार्चमध्ये भर स्टँडवर मी तिच्या भावाच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, आधी त्याची माफी माग, मग माझ्याशी बोल. मी माफी मागू? चूक त्याची होती.

११ जून
आमच्या सर्व्हरला दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं ते त्याच क्षणी दुसरीवरही. जुळी भावंडं. कोल्हारला हुबेहूब असाच सर्व्हर हवाय. सरांची युक्ती अशी की यातली एक डिस्क काढायची आणि तिकडच्या रिकाम्या मशीनमध्ये घालायची. ते मशीन जागं होतं ते आपण संगमनेरच आहोत असं समजून. मग दोन्हीकडे एकेक कोरी डिस्क लावली की ती आपोआप भरते.

म्हटलं, डिस्क घेऊन मी जातो. सर म्हणाले, तू इथे थांब, तुझं डोकं लवकर तापतं. कोणी कान भरले कोण जाणे.

१४ जून
सरांनी बजावलं होतं, सगळ्यांना सर्व्हरवरून बाहेर काढ, स्वतःही बाहेर पड, मशीन बंद कर, मगच डिस्क काढ. सगळ्यांना काढलं. मी स्वतः बाहेर पडलो नाही. मशीनवरच वृषालीला पत्र लिहीत होतो. ‘तुझ्या भावाला मी’ इथपर्यंत आलो आणि सरांनी बाहेरून हाक मारली, झालं का रे? टाळकं सरकलं. चालत्या मशीनमधून डिस्क खेचली आणि दिली त्यांच्या हातात.

मग वाक्य पुरं केलं : तुझ्या भावाला मी सोडणार नाही. छापलं. वाचलं. फाडून टाकलं.

डिस्क कोल्हारला गेली. मी इथेच.

२० जून
कानिफनाथ म्हणाला, काल कोल्हारात लई ग्वाड बोलत हुता, आज तोंड का असं? म्हटलं, मी गेलोच नाही. तो फिदीफिदी हसला. पोरीपायी येता आन् आमच्यापास्नं लपवता व्हय! म्हणे वृषालीच्या भावाचा हात धरून मी सगळ्यांदेखत माफी मागितली.

फोनच्या लाईनवरून कोल्हारचा सर्व्हर उघडला. आत्ता त्याच्यावर कोण कोण काम करतंय ते पाहिलं. तुषार. नाव माझंच, पासवर्डही माझाच. त्याला हाकलून दिलं. तो लगेच परत आला.

तिथे माझं ते अर्धवट पत्रही होतं, पुरं केलेलं. तुझ्या भावाला मी भेटून माफी मागतो.

२२ जून
टँकरमधून कोल्हारला गेलो. तिथल्या सर्व्हरपुढची खुर्ची अजून गरम होती. बशीत अर्धा चहा. वृषाली म्हणाली, काय विसरलास? आत्ताच तर गेलास. आणि हसली. मार्चनंतर पहिल्यांदा. त्या दुसऱ्यासाठी.

मी ओरडलो, तो मी नाही! तिचा चेहरा पडला. म्हणाली, पुन्हा असा नको ना होऊस.

असा. म्हणजे मी.

२६ जून
दोन्ही सर्व्हर स्वतःला संगमनेर म्हणवतात. नोंदी एकमेकींत घुसल्या. सर म्हणाले, एकच बाजू खरी धरावी लागेल. इथली बिघडलीय, कोल्हारची स्वच्छ आहे. ती डिस्क आणून इथे जोडायची.

विचारलं, मग इथल्याचं काय होणार? म्हणाले, काय होणार, त्याच्यावर लिहिलं जाईल.

मी नाही म्हटलं. सर चक्रावले. अरे, काल कोल्हारात तूच तर हो म्हणालास.

२७ जून
जोडली. सर चहाला गेले. दिवा लुकलुकतोय — भरतंय —

माझ्या मुठीत त्याच्या भावाचा — तिच्या भावाचा हात. घामेजलेला. मी कधीच धरला नाही तो. पण आठवतोय.

दादांचा चेहरा — दादा कशाला चिडले होते?

चूक त्याची होती. लिहून ठेवतो. त्याची. चूक माझी हो — नाही —

डिस्कवर हात ठेवलाय. खेचली की थांबेल. मग मी उरेन. असा.

काचेपलीकडे टँकर थांबला. वृषाली उतरतेय. इकडेच बघतेय. हसतेय. इतकी हसतेय की हात — खेचवत नाही —

तिने हाक मारली, तुषार!

मी ओ देणार तेवढ्यात, मागून, माझ्याच आवाजात —