सत्कारांनंतरची गोष्ट

अहो,

आज दुपारी जरा डोळा लागला, तर तुम्ही समोर! शर्टावर लाकडाचा भुसा, ओठ हलताहेत, आवाज मात्र येत नाही. जागी झाले ती लिहायलाच बसले. नावानं कधी हाक मारली नाही, आता पत्रात तरी कशी मारू?

लकडगंजच्या आरामशीनवर दिवसभर लाकडं कापत राबून तुम्ही इतकी वर्षं लिहिलंत. मी भाकरी थापायची, तुम्ही वाचून दाखवायचं. मी हसले की तुम्ही खूश. दुसरं ऐकणारं होतंच कोण?

मग तुमच्या पहिल्या कादंबरीला बक्षीस मिळालं आणि आपली गल्ली माणसांनी भरून गेली. शाली, हार, भाषणं! मशीनवरचं काम सुटलं. मला खरंच आनंद झाला होता हो. पण मला वाचून दाखवणं काहून सोडलंत? दुसरी कादंबरी तुम्ही दाराला कडी लावून लिहायचात. शेवटी एकदा मीच हट्ट धरला. वाचलंत. त्यातली नरखेडची म्हातारी पुस्तकासारखी बोलत होती.

"हे कोण बोलून राहिलं?" मी विचारलं.

तुम्ही कागद खाली ठेवलेत. "मले नाई माहीत वं. लिहाले बसलो का टाळ्या वाजवणारेच दिसतात."

कादंबरी अर्धीच टाकून आपण काटोलला माझ्या भावाकडे गेलो. संत्र्याला बहार आला होता. त्या वासानं सगळं कसं गुंगल्यासारखं! तुम्ही झाडांमधून झोपेत चालल्यासारखे हिंडायचात, तण निंदणाऱ्या बायांच्या गप्पा ऐकत थांबायचात. एका सकाळी विहिरीच्या काठावर बसून त्या बायांची गोष्ट लिहिलीत. लहानशीच. ऐकता ऐकता मी पदर तोंडाला लावून हसले.

"जमलं वाटते," म्हणालात. किती दिवसांनी तुमचा चेहरा तसा पाहिला!

आणि उन्हाळा लागायच्या आत गेलात. एवढी कसली घाई होती?

काल प्रकाशक आले होते. अर्धी कादंबरी मी दिली नाही. तुम्हीच टाकलेली ती. त्यांना ही गोष्टही हवी आहे. "बायांची भाषा तेवढी शुद्ध करून घेऊ," म्हणाले. मी चहा दिला आणि गोष्ट उचलून पेटीत ठेवली.

छापायची, पण तुम्ही लिहिली तशी. छपाईआधी ओळीओळीवर बोट ठेवून मी स्वतः वाचीन. एकाही 'मले'चं 'मला' होऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
शांता