सुमतीच्या फोनवरचे निरोप

मंगळवार, ९ डिसेंबर, सायंकाळ

माझी बायको सुमती जाऊन पाच महिने झाले, तरी तिचा फोन मी चालू ठेवला आहे. ती शाळेत परिचारिका होती. दम्याच्या मुलांना रुग्णालयातून घरी सोडले की तिथल्या सिस्टर याच फोनवर सूचना देतात. "बाईंना सांगा हां, काका." मी लिहून घेतो, शाळेत नेऊन देतो. बाई नाहीत, हे सांगितलेच नाही. का? निदान त्या फोनवर तरी तिला कोणी विचारते, म्हणून.

कालचा निरोप सानियाबद्दल होता: आंब्याच्या बागांत मोहोरावर फवारणी चालू आहे, तिला मैदानावर पाठवू नये. मी आज दुपारी शाळेत गेलो. सकाळीच कवायतीत तिला धाप लागली होती. इनहेलरच्या पंपाने आराम पडला.

सुमतीच्या जागी आलेल्या नव्या नर्स म्हणाल्या, "काका, कालच फोन करायचात ना! पोरीचे ओठ निळे पडलेले हो."

निरोप स्वतः नेण्याचा हट्ट माझाच.

घरी येऊन सिस्टरांना सर्व सांगितले, सुमती गेल्याचेही, नव्या नर्सचा नंबर दिला. त्यांनी तो लिहून घेतला. मग म्हणाल्या, "बाईंचा नंबर खोडू ना, काका?"

"खोडा," म्हणालो, आणि त्यांनी खोडेपर्यंत फोन ठेवला नाही.