छबूचे जावळ

सारंगखेडा, ९ जानेवारी १९३८
छबूला आज चौथे लागले. निश्चय : मुलीवर कोणताही धर्म लादायचा नाही. सज्ञान झाली की सगळे धर्म वाचून स्वतः निवडेल. जावळही काढायचे नाही. पत्नी सुंदरबाईला हे तत्त्व समजावले. ती म्हणाली, आपल्यात पहिले केस प्रकाशा गावी, तापीकाठी, मामाच्या मांडीवर निघतात. तोवर कात्री लागत नाही. म्हटले, मग लावू नका. दोन्ही पक्षांचे समाधान.

१६ जानेवारी
छबूसाठी पाठ तयार केला : ‘देव आहे की नाही, ते मी मोठी झाल्यावर ठरवीन.’ रोज दिवेलागणीला, हातपाय धुऊन, पाटावर बसून म्हणायचा. पाट केवळ जमीन ओली म्हणून. ती हात जोडते. जोडले की चुळबुळ करत नाही, म्हणून चालू दिले.

३० जानेवारी
मेव्हणा लोटन प्रकाशाहून आला. नवे झबले, नारळ. तारीख विचारली, जाऊळ कव्हय शे? त्याला विवेकवाद समजावला, पहिल्यापासून. शेवटी म्हणाला, “मास्तर, मन्ही मांडी रिकामीच ऱ्हाई का?” न जेवता गेला. विचारात पडला असावा.

१३ फेब्रुवारी
केसांत उवा. केस पाठीपर्यंत, जटा झालेल्या. फणी लागली की छबू किंचाळते. हा धर्माचा नव्हे, हायजीनचा प्रश्न. दगा नावाच्या न्हाव्याकडे नेले. तो म्हणाला, जाऊळ शे, मामाबिगर वस्तरा लावाऊ नही. घरी येऊन स्वतःच कात्री घेतली. सुंदरबाईने पोरीचे डोके पदराखाली घेतले. “पोर मन्ही बी शे.” कात्री जागेवर ठेवली. ही माघार नव्हे.

२ मार्च
खाजवून डोक्यात गळवे झाली. ताप. शहाद्याचे डॉक्टर येऊन गेले. केस आधीच काढायला हवे होते म्हणाले. सुंदरबाईचे एकच : लोटनला बोलवा, आजच्या आज होईल. कसा बोलावू? एवढे सगळे बोलून बसलो आहे. उद्यापर्यंत वाट पाहतो.

४ मार्च
ताप उतरत नाही. पाणी ओठांतून बाहेर येते. दिवेलागणीला, कोणी न सांगता, छबूने पाठ म्हटला. अर्धाच. सुंदरबाई म्हणाली, “मोठी व्हई तव्हयच ठरावी ना?”


५ मार्च
सकाळीच बैलगाडी जुंपून एकटाच प्रकाशाला. पोरीला धरायला दणकट माणूस हवा, एवढ्यासाठीच लोटन. तो शेतात होता. निरोप धाडला. तोवर महादेवाच्या देवळात बसलो. तिथे सावली होती. आत काय बोललो ते इथे लिहीत नाही. प्रयोग होता. लोटन शेतातून आला तो तसाच गाडीत बसला.
घरी पोचलो तर मोठे गळू फुटलेले, ताप उतरलेला. छबू पेज पीत होती. कारण उघड आहे : पू निघाला. केस काढण्याची निकड उरली नाही. गळू केव्हा फुटले ते सुंदरबाईला विचारले. मी देवळात होतो, साधारण तेव्हाच. योगायोग.
पुन्हा विचारले. तेच उत्तर.

२७ मार्च, प्रकाशा
जखमा भरल्या. जावळ निघाले, लोटनच्या मांडीवर. धर्माचा संबंध नाही. उवा. केस तापीत सोडले. केरात टाकण्यापेक्षा बरे.
मग न्हाव्यापुढे मी बसलो. ऊन वाढले आहे, डोक्याला थंडावा म्हणून. मिशीही. सुंदरबाई माझा कोट धरून उभी राहिली. न्हावी म्हणाला, “मास्तर, तुम्हना मामा कोठे शे?” सगळा घाट हसला. लोटन सर्वांत जास्त.
परतताना गाडीत छबूने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्या. विचारले, “आप्पा, तुम्ही मोठा व्हयी ग्यात का?”
ऊन लागेल, डोक्यावर फडके घे, म्हणालो.