शेकडा चार

बदनापूर, ६ जानेवारी २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जयभीम. इकडे आम्ही बरे आहोत, तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन कोण कोण ऐकतं कळत नाही, म्हणून हे पत्र. हसू नकोस.

परवा आपल्या गल्लीत साजिया नावाची मुलगी टॅब घेऊन आली होती. पुढल्या वर्षी भाव शेकडा किती वाढतील, असं घरोघर विचारत होती. शेजारच्या दुर्गाबाई मलाच विचारायला आल्या, गुरुजी, ही पोरगी काहून विचारून राह्यली म्हणून. मला तर दाट संशय आहे. कमी सांगितलं की राशन तोडतील. ओळखपत्रावर तुझ्या संस्थेचं नाव होतं, पण फोटो काही तिचा वाटला नाही. तुझ्या नावावर कोणी भलतंच तर करत नाही ना? सध्या तिला परत पाठवलं आहे. पुन्हा येणार म्हणाली.

तुझे बाबा

पुणे, ११ जानेवारी

ती. बाबा,
सविनय जयभीम. तुम्ही संशय घेतला नसता तर मलाच काळजी वाटली असती! मुलगी आमचीच आहे, अंबडची. भाव वाढणार असं लोकांना वाटलं की ते आजच जास्तीचा माल भरतात, मजुरी वाढवून मागतात, आणि भाव खरंच वाढतात. म्हणून व्याजदर ठरवणाऱ्यांना लोकांच्या मनातलं कळावं लागतं. माझं इतक्या वर्षांचं संशोधन यावरच आहे. रिझर्व्ह बँकेला महागाई शेकडा चारच्या आसपास हवी असते. लोकांच्याही मनात चारच असेल, तर माझं म्हणणं खरं ठरेल आणि प्राध्यापकपदही मिळेल. साजियाला बसायला खुर्ची तरी द्या.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असू द्यावा.
नागसेन

बदनापूर, १६ जानेवारी

चि. नागसेन,
सप्रेम जयभीम. संशय फिटला. आता तू निकालाची काळजी सोड. गल्ली आपली आहे, आणि मी उगाच जन्मभर पोरं दहावीला बसवली नाहीत.

बाबा

पुणे, २० फेब्रुवारी

ती. बाबा,
सविनय जयभीम. एक विचारतो, खरं सांगा. सगळीकडे लोक दहा सांगतात, पंधरा सांगतात. आपल्या गल्लीत मात्र प्रत्येक घराचं उत्तर चार. असं कुठं असतं का? आमचे पर्यवेक्षक सर्जेराव म्हणतात, साजियाने घरी बसूनच आकडे भरले. मलाही तेच वाटलं. काल तिला कामावरून काढलं. ती खरंच आली होती का? दया येऊन तिला पाठीशी घालू नका.

नागसेन

बदनापूर, २५ फेब्रुवारी

चि. नागसेन,
सप्रेम जयभीम. ती आली होती, प्रत्येक घरी. चार हे मी शिकवलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, पोराच्या परीक्षेचा प्रश्न आहे, बराबर उत्तर द्या. दुर्गाबाई सारख्या चौदा म्हणायच्या, त्यांच्याकडून घोकून घेतलं.

तुझं पत्र आलं आणि मी तडक अंबडला गेलो. तिला तिसऱ्याच घरी सगळं कळलं होतं. मग सर्जेरावांना का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, सरांच्या वडिलांचं नाव घेतलं असतं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता? मला मान वर करवेना. नागसेन, आपल्यावरही लोक असाच आधी संशय घ्यायचे आणि मग चौकशी करायचे. तू माझ्यावर संशय घ्यायला हवा होतास. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणारा माणूस तुझ्या घरातच होता.

सर्जेरावांना लेखी कळवलं आहे. तुझं नुकसान होईल, ते मला दिसतं आहे.

बाबा

पुणे, ४ मार्च

ती. बाबा,
सविनय जयभीम. आकडे माझ्याच घरातून बिघडले, म्हणून प्राध्यापकपदासाठी दिलेला निबंध मागे घेतला. प्राध्यापकपद यंदा दुसऱ्याला मिळेल. वाईट वाटतं, लपवत नाही.

रविवारी मी अंबडला जाऊन आलो. बदनापुरात न थांबता परतलो, आईला समजावून सांगा. साजियाला कामावर परत ये म्हणालो, माफीही मागितली. तिने चहा दिला, पण काम नको म्हणाली. तिला माझ्याकडून एवढंच जाणून घ्यायचं होतं, की लोकांच्या मनात काय आहे हे विचारणं हेच ज्याचं काम, त्याने तिला एकदाही का विचारलं नाही.

रागावा, पण माया आटू देऊ नका.
आपला,
नागसेन